स्पेसर बसवण्याआधी आटे मोजावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्प्रिंगा बदलून गाडीची उंची कमी करून घेण्याची हौस मुंबईतल्या तरुणांत आता नवी राहिलेली नाही. त्या हौसेच्या मागोमाग येणाऱ्या एका लहानशा वस्तूविषयी, चाकाच्या स्पेसरविषयी, मला लिहायचे आहे. गाडी खाली आली आणि चाके मात्र कंपनीचीच राहिली, की ती मडगार्डच्या आत खोल गेल्यासारखी दिसतात. नवी अलॉय (मिश्रधातूची) चाके घेणे खर्चाचे असते, म्हणून हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो गाडीचा फिरता भाग, आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची चकती घालून चाक काही मिलिमीटर बाहेर आणले जाते. काम तासाभराचे, खर्च बेताचा, आणि गाडी लगेच रुंद बैठकीची वाटू लागते.

माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आपल्या हॅचबॅकच्या मागच्या चाकांना ८ मिलिमीटरचे स्पेसर बसवून घेतले. तीन आठवड्यांनी ईस्टर्न फ्रीवेवर त्याला सीटखाली थरथर जाणवू लागली. (पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टेअरिंगमध्ये जाणवतो, मागच्याचा बसण्याच्या जागी.) चेंबूरला उतरून पाहिले तेव्हा डाव्या चाकाच्या चार नटांपैकी दोन हाताने फिरत होते आणि एक स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला, नट ज्यावर बसतो तो आटेदार खिळा, मुळाशी तुटला होता. दुकानदाराने नट पान्यावर उभे राहून आवळले होते, ही गोष्ट भाचा मला कौतुकाने सांगत असे. मी त्या गाडीवर नंतर मोजले: मूळ चाकावर नट दहा फेरे घेत होता. स्टड १२ मिलिमीटर व्यासाचा आणि आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या चकतीने सहाहून अधिक आटे खाल्ले. पान्यावर उभे राहून आवळलेला तो नट जेमतेम साडेतीन आट्यांवर उभा होता.

यंत्रशाळेत आम्ही पाळत असू तो ढोबळ नियम असा, की पोलादी स्टडवर नट निदान स्टडच्या व्यासाइतक्या लांबीत बसला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडला १.२५ च्या आट्यांवर याचा अर्थ नऊ ते दहा फेरे, आणि १.५ च्या आट्यांवर आठ. हे मोजायला कोणतेही उपकरण लागत नाही. नट बोटांनी लावताना फेरे मोजले की झाले. चाक हबवर टिकते ते नटांच्या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभागांत निर्माण होणाऱ्या घर्षणावर. हा दाब कमी पडला, किंवा त्या पृष्ठभागांमध्ये गंज, रंग वा माती राहिली, तर चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. त्यातच पातळ चकतीमुळे हबची मधली कड झाकली जाते, चाक केंद्रावर बसवण्याचे काम नटांवरच पडते आणि वेग वाढला की थरथर सुरू होते. स्पेसरला स्वतःची कड असावी आणि त्याचे मधले भोक हबच्या मापाचे तंतोतंत असावे, असा आग्रह धरायला हवा तो यासाठी.

स्पेसर ही मुळात वाईट वस्तू आहे असे माझे म्हणणे नाही. पोर्शसारखी कंपनी स्वतःच्या काही गाड्यांसाठी ते विकत आली आहे, पण त्यांच्यासोबत लांब बोल्ट देऊन. जाड स्पेसर, म्हणजे साधारण २० मिलिमीटर व त्यापुढचे, स्वतःच्या स्टडसह येतात आणि ते हबवर वेगळ्या नटांनी बसतात. त्यात आट्यांचा प्रश्न सुटतो. मात्र जाडी कमी पडली तर गाडीचे जुने स्टड चकतीच्या बाहेर डोकावतात आणि चाकाच्या पाठीवर टेकतात. काही अलॉय चाकांच्या पाठीला त्यांच्यासाठी खळगे असतात, साध्या पोलादी चाकांना बहुधा नसतात. त्यामुळे चाक उलटे करून पाहिल्याशिवाय स्पेसर विकतच देऊ नये.

खाली बसवलेल्या गाडीत आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार दुकानात उभ्या गाडीकडे पाहून होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे एकच आडवी तुळई असते. मागे तीन माणसे बसली आणि गतिरोधक आला, की दोन्ही चाके सरळ वर येतात, आत झुकत नाहीत. मग बाहेर आलेल्या टायरचा खांदा मडगार्डच्या कडेवर घासतो आणि हळूहळू कापला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या वसाहतींच्या दारात जे उंचवटे असतात ते कोणत्या मानकात बसतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. पुढच्या चाकांना स्पेसर घातले तर परिणाम स्टेअरिंगवर होतो: टायरचा जमिनीला टेकणारा भाग वळणाच्या अक्षापासून बाहेर सरकतो, आणि पावसात एक चाक साचलेल्या पाण्यात व दुसरे डांबरावर असताना ब्रेक दाबला की गाडी बाजूला ओढली जाऊ शकते. बेअरिंगवरचा भारही वाढतो. मुंबईच्या खारट, दमट हवेत ॲल्युमिनियमची चकती लोखंडी हबला चिकटून बसते ती निराळीच. हब नीट घासून त्याच्या मधल्या कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, चाक टेकते त्या सपाट पृष्ठभागाला आणि आट्यांना मात्र लावू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल अशा बदलांना मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पण स्पेसरची जाडी नोंदणी प्रमाणपत्रात कोठे लिहिलेली नसते आणि रस्त्यावरच्या तपासणीत ती डोळ्यांना दिसतही नाही. जर्मनीत असा बदल तांत्रिक तपासणीतून मान्य करून घ्यावा लागतो. आपल्याकडे ती सोय होईपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल. स्पेसर बसवणाऱ्याने बिलावर त्याची जाडी, मधल्या भोकाचे माप, नटाने घेतलेले फेरे आणि टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) दिलेला आकडा लिहून द्यावा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासण्याची तारीख त्यावरच टाकावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून उपनगरांतल्या लहान दुकानांपर्यंत कोणालाही हे अवघड नाही. पंक्चर काढणाऱ्याकडे चाक उतरवले गेले, तर तोच कागद त्याला दाखवता येईल.

भाच्याच्या गाडीचा तुटलेला स्टड बदलून झाला आहे. सध्या तो स्पेसरशिवाय गाडी चालवतो, आणि पार्किंगमध्ये आत गेलेल्या मागच्या चाकांकडे पाहून माझ्यावर थोडा नाराज असतो.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता,
मुलुंड (पूर्व), मुंबई