आइसलँडच्या हेमिर सरांना कोल्हापूरहून आभाराचे पत्र

आदरणीय हेमिर हाल्ग्रिम्सन सर यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली-माझी ओळख नाही आणि हे मराठी पत्र आपल्या हाती पडेल अशी आशाही मी धरलेली नाही. तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण गेल्या आठवड्यात आमच्या मुलींच्या संघात जे घडले त्याचे श्रेय माझ्यापेक्षा आपल्याकडे अधिक जाते.

आइसलँडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून लोकांना आपण आठवता ते युरो स्पर्धेतल्या २७ जून २०१६ च्या रात्रीमुळे. नीसमध्ये चौथ्याच मिनिटाला रूनीने पेनल्टीवर इंग्लंडला आघाडी मिळवून दिली, आणि अठरावे मिनिट संपायच्या आत आपल्या संघाने दोन गोल करून ती उलटवली. पुढे उरलेला सगळा वेळ इंग्लंड बरोबरीसाठी धडपडत राहिला. दोन वर्षांनी विश्वचषकात मॉस्कोत अर्जेंटिनाला १-१ असे रोखले, तेव्हा मेस्सीची पेनल्टी अडवणारा हानेस हाल्डोर्सन हा एरवी चित्रफिती आणि जाहिराती दिग्दर्शित करणारा माणूस होता. विश्वचषकाची पात्रता मिळवणारा तोवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश आपला होता. या सगळ्याचे कौतुक जगाने केले आहे. माझे आभार मात्र रेक्याविकच्या मैदानाजवळच्या एका पबसाठी आहेत.

२०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक लार्स लागरबॅक यांचे सहायक म्हणून आपण राष्ट्रीय संघात आलात, तेव्हा त्या संघाची पत इतकी खालावली होती की पुढच्याच वर्षी जागतिक क्रमवारीत तो १३१ व्या स्थानापर्यंत घसरला. अशा वेळी आपण एक साधी गोष्ट सुरू केली. घरच्या मैदानावरील सामन्यापूर्वी काही तास आपण ओल्व्हर नावाच्या त्या पबमध्ये जात असा आणि तोल्फान या पाठीराख्यांच्या मंडळासमोर उभे राहून आज कोण खेळणार, कसे खेळणार आणि तसेच का, हे वृत्तवाहिन्यांना कळण्याआधी सांगत असा. सुरुवातीला समोर मोजकीच माणसे होती. संघ जिंकू लागला तशी तिथे पाय ठेवायला जागा उरेना. ऐकणाऱ्यांनी फोन खिशात ठेवायचे आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, एवढाच संकेत होता, आणि त्यांनी तो पाळला. यादी कधी फुटली नाही. पुढे आपण मुख्य प्रशिक्षक झालात, तरी हा शिरस्ता मोडला नाहीत. ज्यांच्या हाती तिकिटापलीकडे काही नसते त्यांना आपण विश्वासात घेतलेत.

हे मला इतके का लागले, ते सांगते. मी खेळत होते त्या काळी निवडीची यादी भिंतीवर चिकटवली जाई, आणि आपले नाव नाही हे भिंतीसमोरच्या गर्दीत धक्के खात कळे. कारण विचारले तर एक साहेब घड्याळाकडे पाहत म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी साहेब बदललेले असत, उत्तर तेच असे. आमचे कोल्हापूर फुटबॉलवेडे. इथे तालमीतालमींत संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की गावाला दुसरा विषय नसतो. पण मुलींना दोन वाक्यांत कारण सांगण्याइतका वेळ कोणाजवळ नव्हता, आणि मुलींचा संघ ज्याच्या गळ्यात पडे तो बहुधा दुसरीकडे जागा न मिळालेला असे.

आता मी स्वतः शिकवते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलींना आणि त्यांच्या आयांना मैदानाच्या पायऱ्यांवर बसवून मी अकरा जणींची नावे सांगते, आणि बाहेर बसणाऱ्या प्रत्येकीला तिचे कारणही सर्वांदेखत सांगते. ही पद्धत मी आपली उचलली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, बसवावे लागले. समोरच्या संघाची विंगर, म्हणजे कडेने धावणारी खेळाडू, चेंडू घेऊन आत वळते आणि डाव्या पायाने मारते, म्हणून तिथे उजव्या पायाची मुलगी हवी, असे मी तिला सांगितले. ती गप्प राहिली. आईने मात्र दोन प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी उत्तरार्धात ती विंगर खरोखरच आत वळू लागली, तेव्हा माझ्याआधी बाकावरून तीच ओरडली, "आतली बाजू बंद कर, आतली!" आणि तिच्या जागी खेळणाऱ्या मुलीने ती केली. सामना बरोबरीत सुटला, ते राहू द्या. वगळलेली मुलगी आपल्या जागेवर आलेल्या मुलीला वाट दाखवते, हे मी खेळाडू म्हणून कधी पाहिले नव्हते. अजूनही ते आठवले की गळा दाटतो.

आपली वाटचाल पाहिली की हे आपल्यालाच का सुचले ते थोडेफार उमगते. आपण वेस्टमन बेटांवरचे. आपण पाच वर्षांचे असताना, जानेवारी १९७३ मध्ये, ज्वालामुखी फुटल्याने एका रात्रीत रिकाम्या कराव्या लागलेल्या गावातले. गावच्याच ईबीव्ही संघाचे बचावपटू. देशाची जर्सी काही वाट्याला आली नाही. प्रशिक्षक म्हणून सुरुवात केलीत ती महिलांच्या संघांपासून, आणि पोटापाण्यासाठी दंतवैद्यकी चालूच ठेवलीत. खुर्चीत आ वासून बसलेल्या भेदरलेल्या माणसाला आता काय करणार आहोत ते आधी सांगणे हा ज्याचा रोजचा शिरस्ता, त्याला पाठीराख्यांना सांगणे जड जाणार नाही, असा आपला माझा तर्क. चांगुलपणाला फार मोठे मन लागते असे म्हणतात. मला वाटते, पुष्कळदा त्याला अर्धा तास लागतो आणि समोरच्याला अक्कल आहे एवढे मानावे लागते. तेवढेही बहुतेकांकडून होत नाही.

कतार आणि जमैकानंतर आपण आयर्लंडच्या संघाचे प्रशिक्षक झालात, तेव्हा वेम्बलीवर इंग्लंडकडून झालेल्या ०-५ नंतर आणि येरेवानमधल्या आर्मेनियाकडून झालेल्या पराभवानंतर आपल्याला किती बोल लावले गेले, तेही मी वाचले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोर्तुगालवर २-० आणि मग बुडापेस्टमध्ये हंगेरीवर ट्रॉय पॅरटच्या शेवटच्या क्षणीच्या गोलने ३-२ झाले, तेव्हा त्यातले किती आवाज एकाएकी गोड झाले! इथे, पंचगंगेकाठी, आमच्या मुलींनी त्या रात्री आपल्या नावाने गिल्ला केला होता. त्यांच्यासाठी आपण केव्हापासून "दातांचे सर" आहात.

जाता जाता एक निरोप. आमच्या गोलकीपरचा पुढचा दात परवा कोणाचे तरी कोपर लागून हलू लागला आहे. सरांना पत्र लिहिता आहात तर तेवढे विचारून घ्या, असे तिने बजावले होते. विचारले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मुलींच्या संघाची एक प्रशिक्षिका, कोल्हापूर