१९७२ चा कप बेलग्रेडचा नाही, ब्येलोवारचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हँडबॉलवर अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, मी तर ते पान कापून ठेवलंय, कारण मराठी पेपरात या खेळाला एवढी जागा मिळालेली मी फार क्वचित पाहिलीय. पण त्याच पानावर खाली चौकटीत युरोपच्या विजेत्या क्लबांची यादी आहे, तिच्यात १९७२ समोर "पार्टिझान, बेलग्रेड" असं छापलंय ते चुकलंय. आणि वरच्या लेखात झाग्रेबच्या क्लबने १९९२ ला युरोप जिंकलं तिथून क्रोएशियाच्या क्लब हँडबॉलचा इतिहास सुरू होतो अशा अर्थाचं वाक्य आहे, तेही चुकलंय. दोन्ही चुका क्रोएशियातल्या ब्येलोवारच्या एकाच क्लबच्या मुळावर येतात म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी साताऱ्याची. १९८२ च्या दिल्ली एशियाडला हँडबॉल पहिल्यांदा आला, त्यानंतर वर्षभरात आमच्या शाळेच्या सरांनी चुन्याने लाईनी मारून ग्राउंड आखलं आणि आम्ही पोरी खेळायला लागलो. पुढे युनिव्हर्सिटीकडून खेळले, मग शाळेत पीटी शिकवली, आता रिटायर झालेय पण संध्याकाळी मुली येतात ग्राउंडवर, त्यांना शिकवते. आमचे सर पतियाळाचा कोचिंगचा कोर्स करून आलेले, पावसात ग्राउंड भिजलं की सगळ्यांना वर्गात बसवायचे आणि फळ्यावर खडूने डी, म्हणजे गोलसमोरची अर्धगोल लाईन, काढून युगोस्लाव्हियाची टीम कशी खेळायची ते दाखवायचे, तेव्हा होर्वात हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि ते अजून डोक्यातून गेलं नाही. या होर्वातचाच क्लब म्हणजे १९७२ चा युरोप चॅम्पियन.

आता हे पार्टिझान नावाचं. दुसऱ्या महायुद्धात टिटोच्या नेतृत्वाखाली जर्मनांशी लढले ते पार्टिझान, त्यामुळे युद्ध संपल्यावर युगोस्लाव्हियात कितीतरी क्लबांनी आणि व्यायाम संस्थांनी हेच नाव घेतलं, आपल्याकडे कशा गावोगाव शिवाजी तालीम नाहीतर जय हनुमान मंडळ असतात तसंच समजा. बेलग्रेडचा पार्टिझान हा सैन्याचा मोठा क्लब, फुटबॉलमुळे जगाला माहीत असलेला. आणि हा दुसरा पार्टिझान ब्येलोवार नावाच्या गावातला, ते गाव क्रोएशियात आहे, सर्बियात नाही. एकाचं यश दुसऱ्याच्या खात्यात टाकणं म्हणजे नुसती टायपिंगची चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाही हो, त्या गावाकडे दाखवायला जगात तेवढी एकच गोष्ट आहे.

गाव केवढं म्हणाल तर आमच्या वाईएवढं, आजची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास आणि तीही आजूबाजूची खेडी धरून. झाग्रेबपासून साधारण ८० किलोमीटर. १७५६ मध्ये राणी मारिया थेरेसाच्या हुकमाने तुर्कांच्या बाजूच्या सरहद्दीवर लष्करी ठाणं म्हणून वसवलेलं, त्यामुळे रस्ते सरळ काटकोनात आणि मधे मोठा चौक, बाकी शेती आणि दूधदुभतं. अशा गावात १९५५ ला हँडबॉलचा क्लब निघाला आणि तीन वर्षांत, १९५८ ला, त्या पोरांनी अख्ख्या युगोस्लाव्हियाची लीग जिंकली. हे वाचताना थांबून विचार करा, युगोस्लाव्हिया म्हणजे तेव्हा आजचा क्रोएशिया, सर्बिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया, मॉन्टेनेग्रो सगळं मिळून, बेलग्रेड झाग्रेबसारखी शहरं त्यात, आणि हँडबॉल तिथे गल्लीबोळात खेळला जायचा. क्रोएशियन भाषेत या खेळाला रुकोमेत म्हणतात, रुका म्हणजे हात, मेत म्हणजे फेक, इतकं साधं घरचं नाव आहे, बाहेरून आणून चिकटवलेलं वाटतच नाही.

१९६१ ला परत लीग जिंकली आणि १९६२ ला पॅरिसला युरोपियन कपची फायनल खेळले, जर्मनीच्या गॉपिंगनकडून १३-११ ने हरले. दोन गोल फक्त. मग दहा वर्षं गेली. या दहा वर्षांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो, कारण एकदा फायनल हरल्यावर लहान गावातले क्लब बहुतेक संपतात, चांगली पोरं शहरात जातात, हे मी आमच्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिलंय. इथे तसं झालं नाही. १९६७, १९६८, मग १९७०, १९७१, १९७२, सहा वर्षांत पाच वेळा युगोस्लाव्हियाचे चॅम्पियन, आणि या टीममधूनच हर्वोये होर्वात, मिरोस्लाव प्रिबानिच, आल्बिन विदोविच अशी माणसं निघाली.

आणि मग १९७२ ची फायनल. जागा जर्मनीतलं डॉर्टमुंड, समोर जर्मनीचाच गुमर्सबाख, ज्यांनी १९७० आणि १९७१ असा लागोपाठ दोनदा हाच कप घेतलेला आणि ज्यांच्याकडे हान्सी श्मिटसारखा उंच उडी घेऊन हवेतूनच गोलवर फेकणारा माणूस. म्हणजे कप समोरच्याचा, देश समोरच्याचा, पब्लिकही समोरच्याचंच. स्कोअर झाला १९-१४, ब्येलोवार जिंकलं! युगोस्लाव्हियातल्या कुठल्याही पुरुष क्लबने हा कप जिंकायची ती पहिलीच वेळ, झाग्रेबच्याही आधी. झाग्रेबचा मेदवेश्चाक १९६५ ला फायनलला पोचला होता पण बुखारेस्टच्या दिनामोकडून हरला.

आजची पोरं १९-१४ बघून म्हणतात मॅडम एवढे कमी गोल, हाफटाइमचा स्कोअर आहे का हा? नाही, पूर्ण साठ मिनिटांचा आहे. तेव्हा गोल झाला की आजच्यासारखं झटकन मधून सुरू करून समोरची टीम मागे पळायच्या आत हल्ला करता यायचा नाही, तो नियम खूप नंतर आला. एकेक अटॅक लांबायचा, डिफेन्सवर मॅच जिंकली जायची, आणि गुमर्सबाखसारख्या टीमला १४ वर अडवणं काय असतं ते डीच्या लाईनवर उभं राहून अंगावर मार खाल्लेल्यालाच कळेल. सर फळ्यावर हेच दाखवायचे, सहा जण हात वर करून एकत्र सरकतायत, एक बाहेर आला की बाजूचे दोघं आत सरकून त्याची जागा झाकतायत. मी आजही मुलींना तेच शिकवते.

त्याच वर्षी म्युनिकचं ऑलिंपिक झालं. १९३६ नंतर हँडबॉल ऑलिंपिकमध्ये परत आला तो तिथेच, आणि हॉलच्या आत सात जणांचा खेळ म्हणून पहिल्यांदाच. युगोस्लाव्हियाने फायनलला चेकोस्लोव्हाकियाला २१-१६ ने हरवून गोल्ड घेतलं, कोच झाग्रेबचे व्लाडो श्टेन्झेल, ज्यांनी पुढे १९७८ ला पश्चिम जर्मनीलाही वर्ल्ड चॅम्पियन केलं. आणि कॅप्टन कोण, तर ब्येलोवारचा होर्वात. प्रिबानिच आणि विदोविचपण त्या टीममध्ये. एका तालुक्याच्या गावाकडे एकाच वर्षात युरोपचा कप आणि ऑलिंपिकच्या गोल्ड टीमची कॅप्टनशिप! मला तरी याच्या तोडीचं दुसरं उदाहरण कुठल्याही टीम गेममध्ये आठवत नाही.

पुढच्या वर्षी १९७३ ला पुन्हा डॉर्टमुंडलाच फायनल, या वेळी मॉस्कोच्या एमएआय क्लबकडून २६-२३ ने हार. मग बोस्नियातल्या बान्या लुकाच्या बोरात्सचे दिवस आले, १९७६ चा युरोपियन कप त्यांनी घेतला. ब्येलोवारने १९७७ आणि १९७९ ला अजून दोनदा लीग जिंकली, एकूण नऊ वेळा, आणि तिथे ती गोष्ट संपली. १९९१ ला देश फुटला, पार्टिझान हे नाव गेलं, नुसता ब्येलोवारचा क्लब राहिला. स्वतंत्र क्रोएशियाच्या लीगमध्ये त्यांना चॅम्पियन होता आलं नाही, कारण तिथे जवळजवळ दरवर्षी झाग्रेबच जिंकतो. झाग्रेबच्या मागे राजधानी होती, बादेल १८६२ नावाच्या दारू कंपनीचा पैसा होता, क्लबचं नावच काही वर्षं बादेल होतं, आणि देशातला बहुतेक प्रत्येक चांगला खेळाडू तिकडेच ओढला जायचा. झाग्रेबला कमी लेखायचं नाही मला. १९९२ आणि १९९३ चे लागोपाठ दोन युरोपियन कप, तेही देशात युद्ध चालू असताना, आणि मग १९९५, ९७, ९८, ९९ अशा चार फायनल हरूनही परत परत उभं राहणं, हे मोठंच आहे. फक्त इतिहास तिथून सुरू होत नाही, त्याच्या वीस वर्षं आधी झालाय, एवढंच म्हणणं आहे माझं.

आणि छोट्या गावांचं म्हणाल तर ब्येलोवार एकटं नाही. तिथून तासाभराच्या आत कोप्रिव्हनित्सा आहे, तिथल्या पोद्राव्का या बायकांच्या क्लबने १९९६ ची चॅम्पियन्स लीग जिंकली, फायनलला ऑस्ट्रियाची हिपो टीम, जी आधी सलग चार वर्षं जिंकत आलेली. पोद्राव्का ही मुळात सूप आणि मसाल्याची कंपनी, त्यांचा वेगेटा मसाला तिकडे घरोघरी असतो, आणि त्या कंपनीने आपल्या गावातल्या बायकांच्या टीमला नाव दिलं, पैसा दिला आणि वर्षानुवर्षं दिला. एक बाई म्हणून, एक कोच म्हणून सांगते, मला हे वाचून रडू आलं होतं. आमच्या मुलींना जिल्ह्याच्या मॅचला जायला एसटीचं भाडं वर्गणी काढून जमवावं लागायचं. तुमच्या त्या पूर्ण पानावर बायकांच्या हँडबॉलबद्दल एक ओळ नाही, हेही या निमित्ताने सांगून टाकते. मेत्कोविचचंही तेच, दक्षिणेला नेरेत्वा नदीकाठचं टीचभर गाव, त्यांनी २००० ला जर्मनीच्या फ्लेन्सबुर्गला हरवून ईएचएफ कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा आणखी एक कप, घेतला, आणि २००३ ला क्रोएशिया वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्या टीममधला गाजलेला इव्हानो बालिच याच क्लबचा खेळाडू होता.

अटलांटाचं १९९६ चं गोल्ड, जे स्वतंत्र क्रोएशियाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक गोल्ड, मग अथेन्सचं २००४ चं, आणि अगदी आता २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर, हे सगळं तुमच्या लेखात छान आलंय. पण चाळीस लाखांचा देश इतकी वर्षं हे कसं करतो असा प्रश्न लेखकाने विचारून सोडून दिलाय, त्याचं उत्तर माझ्या मते या गावांत आहे. आपल्याकडे २०२३ ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली, महाराष्ट्र आयर्नमेन जिंकले, आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर मॅच बघितल्या, आनंद झाला. पण त्या टीमला गाव नव्हतं साहेब. फलटणला, वाईला, कराडला संध्याकाळी त्या टीमचं ग्राउंड कुठे होतं जिथे दहा वर्षांची पोर जाऊन बॉल उचलून देईल?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चौकट दुरुस्त करून छापा, १९७२, पार्टिझान, ब्येलोवार, असं. आणि गावाचं नाव रोमन लिपीत जे ने लिहितात म्हणून कुणीतरी "ब्जेलोवार" छापेल, तर त्या भाषेत जे चा उच्चार य होतो, ब्येलोवार असंच छापा.

आपली नियमित वाचक,
एक हँडबॉल कोच, सातारा