आधी माळा बघ

सातारा,
रविवार, दुपार

चि. ऋजुता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मला ती टीम देतायत, पण ती कुणालाच नको होती म्हणून." आणि मग ते 'ग्लास क्लिफ', म्हणजे काचेचा कडा, म्हणालीस. मी हो हो केलं आणि फोन ठेवल्यावर शोधून वाचलं. २००५ साली मिशेल रायन आणि अलेक्स हॅसलम या दोघा संशोधकांनी मांडलेली गोष्ट आहे म्हणे. कंपनी गोत्यात आली की बाईला वर बसवायचं लोकांना अचानक सुचतं, आणि मग कडा कोसळला की तिच्यासकट. तुझ्या आईला वाचून दाखवलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "यात नवीन काय? घर बुडायला आलं की किल्ल्या सुनेच्याच हातात देतात."

तेव्हापासून मला तुझ्या कपाटाच्या दारावरचा तो फोटो आठवतोय. तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतीस आणि लिसा सूचा फोटो चिकटवला होतास. मी हसलो होतो. म्हटलं, लोक सिनेमातली माणसं लावतात, ही बुडत्या कंपनीची बाई लावतेय! तेव्हा तिच्या एएमडीचा, म्हणजे इंटेलसारखेच कॉम्प्युटरचे प्रोसेसर काढणाऱ्या कंपनीचा, शेअर दोन डॉलरच्याही खाली गेलेला. आपल्या पोवई नाक्यावरच्या दुकानात कुणी असेंबल्ड पीसी घ्यायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "आत इंटेलच आहे ना?" स्वस्तात बसवून द्या म्हणणाऱ्यालाच मी एएमडी सुचवायचो, तेही जरा आवाज खाली करून. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसटीनं माल आणताना माझ्या पिशवीत दहा इंटेल असले तर दोन ते.

त्या बाईबद्दल आता नीट वाचलं. तैवानात तैनानला जन्म, १९६९चा. तीन वर्षांची असताना घरचे अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. वडील संख्याशास्त्रातले, सात वर्षांच्या पोरीला पाढे विचारायचे. (मी तुला पावकी विचारायचो तेव्हा तू रडायचीस, ते आठव.) दहाव्या वर्षी भावाच्या रिमोटच्या गाड्या खोलून दुरुस्त करायची. एमआयटीत इलेक्ट्रिकल घेतलं ते सगळ्यात अवघड वाटलं म्हणून, आणि १९९४ला डॉक्टरेट करूनच बाहेर पडली.

मला जास्त आवडला तो तिचा आयबीएममधला काळ, कारण त्यातलं थोडं मला कळतं. चिपच्या आतल्या तारा तेव्हा ॲल्युमिनियमच्या असत. तांब्यातून वीज जास्त सहज जाते हे तर आपल्या गल्लीतला वायरमनही सांगेल. मग तांबं का नाही वापरायचं? कारण चिप ज्याची करतात त्या सिलिकॉनमध्ये तांबं झिरपतं आणि चिप नासवतं. म्हणजे तांब्याला आत घ्यायचं, पण सिलिकॉनला शिवू द्यायचं नाही, मधे पातळ आडपडदा घालायचा. त्या कामात ही मुलगी होती. १९९८ला आयबीएमनं तांब्याच्या चिप बाजारात आणल्या, आणि नंतर सगळ्या जगानं तोच रस्ता धरला. पुढे २०००मध्ये ती वर्षभर लू गर्स्टनर यांची तांत्रिक साहाय्यक होती. ते तेव्हा आयबीएमचे प्रमुख. प्रयोगशाळेतून उठून मोठ्या साहेबांच्या शेजारी बसायचं आणि पैशाचे निर्णय कसे होतात ते बघायचं. तुला असं कुणी बसवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण ते असो.

२००७ला ती फ्रीस्केल या दुसऱ्या चिपवाल्या कंपनीत गेली, २०१२च्या जानेवारीत एएमडीत आली आणि ८ ऑक्टोबर २०१४ला प्रमुख झाली. अवस्था काय होती बघ. स्वतःचे कारखाने २००९मध्येच वेगळे काढून दिलेले. २०१३ला ऑस्टिनमधली स्वतःची जागा विकून तीच भाड्यानं घेतलेली, म्हणजे घर विकून आपल्याच घरात भाडेकरू. सर्व्हरच्या, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, बाजारात नावापुरतेच उरलेले. खुर्चीवर बसून दोन आठवडे व्हायच्या आत तिला ७ टक्के माणसं कमी करायची घोषणा करावी लागली. यापेक्षा सरळ काचेचा कडा कुठला दाखवशील?

लोक लिहितात, तिनं धीर धरला, जिद्द दाखवली, म्हणून कंपनी तरली. दुकानदार म्हणून मला हे अर्धंच पटतं. जिद्द दिवाळखोर माणसाकडेही भरपूर असते, मी जवळून पाहिली आहे. मी काय पाहिलं सांगू? तिच्या माळ्यावर माल होता. झेन नावाच्या नव्या प्रोसेसरचं काम ती प्रमुख व्हायच्या आधीपासून सुरू होतं. माइक क्लार्क त्याची आखणी करत होते आणि जिम केलर यांच्यासारखा नावाजलेला माणूस २०१२ला परत आलेला होता. शिवाय प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही गेम खेळायची यंत्रं, दोन्ही २०१३च्या नोव्हेंबरात आले आणि दोन्हींच्या पोटात एएमडीचीच चिप. त्यात नफा थोडा, पण पैसा ठरलेला. वाण्याच्या दुकानात मीठ-साखर विकून रोजचा गल्ला चालतो, तसा. आणि पावणेतीन वर्षं आत काम केल्यामुळे माळ्यावर काय आहे हे तिला ठाऊक होतं. बाहेरून आलेल्याला ते दिसलं नसतं.

तिचं मोठेपण मला वाटतं ते पुढचं. तिनं माणसांना तीनच गोष्टी सांगितल्या: माल उत्तम करा, गिऱ्हाइकाचा विश्वास वाढवा, पसारा आवरा. मोबाइलच्या चिपमागे तेव्हा सगळे धावत होते. ती गेली नाही. आणि मग वाट बघणं. २०१४, १५, १६, तिन्ही वर्षं तोटा. एकट्या २०१५ला ६६ कोटी डॉलर. त्याच वर्षी केलर सोडून गेले. दाखवायला हातात काही नाही आणि दर तिमाहीला लोकांसमोर उभं राहून हिशेब द्यायचा. त्या झेनवरचा पहिला प्रोसेसर, रायझन, बाजारात आला २०१७च्या मार्चमध्ये. प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाच्या एकेका ठोक्याला होणारं काम आधीच्यापेक्षा ४० टक्क्यांनी वाढवू म्हणाले होते, ते ५२ टक्क्यांनी वाढलं. आमच्याकडे पहिला आला तेव्हा मी आवाज खाली न करता सुचवला, एवढं मला आठवतंय.

एएमडीचं ते चिपचे तुकडे करण्याचं तू मागे समजावत होतीस, ते मला तुझ्या आईमुळे कळलं. ती कापड बेतत होती. म्हणाली, कापडात दोन-चार ठिकाणी डाग असले आणि सबंध झगा बेतायचा म्हटलं, तर डाग कुठेतरी येणारच आणि झगा वाया. त्याच कापडात बाहीचे, गळ्याचे लहान तुकडे बेतले तर डागाचे तेवढे टाकायचे, बाकी वापरायचे. एक मोठी चिप करण्याऐवजी चार लहान करून जोडायच्या, ते हेच ना? चुकलं असेल तर कळव. आई मात्र तेव्हापासून स्वतःला इंजिनिअर समजते.

२०२२मध्ये एएमडीचं बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेलं. म्हणजे खुर्चीवर बसल्यापासून सात वर्षांहून जास्त.

आता तुझं. मी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू सातवीत असताना मी शेजारचं सायबर कॅफे चालवायला घेतलं होतं. माळ्यावर खोकी रचलेली दिसत होती, मला वाटलं माल आहे. डिपॉझिट भरलं, सही केली आणि मग शिडी लावून वर चढलो. सगळी खोकी रिकामी. आठ महिन्यांत बंद केलं. तुझ्या आईच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. तिनं एकदाही तो विषय काढला नाही, म्हणून मीच काढतो.

तेव्हा हो म्हणण्याआधी शिडी लाव. त्या टीममध्ये असं काही काम अर्धं झालेलं आहे का, जे चांगलं आहे पण कुणी वर दाखवलं नाही? ते करणारी दोन-तीन माणसं राहणार आहेत की त्यांनीही राजीनामे टाइप करून ठेवलेत? तुझ्या साहेबांना विचार, की यातलं एखादं काम मी सरळ बंद केलं तर चालेल का. ते गडबडले तर समज, किल्ल्या देतायत पण कपाट उघडू देणार नाहीत. आणि वेळ किती, ते तोंडी नको, ईमेलवर घे. लिसा सूला पहिला माल दाखवायला अडीच वर्षं मिळाली. तुला दोन तिमाह्या देत असतील तर ते काम नव्हे, तेराव्याची तयारी आहे.

माळा भरलेला निघाला तर मात्र ती टीम का दिली याचा विचार सोड. कुणाला नको होती म्हणून मिळाली असेल, मिळू दे. पोवई नाक्याचा आपला गाळाही कुणाला नको होता, स्मशानाच्या वाटेवर आहे म्हणून.

गुरुवारी साहेबांना भेटणार म्हणालीस ना? रात्री फोन कर, कितीही वाजू दे. आईनं कंदी पेढे आणलेत, ती म्हणते बढतीचे आहेत. मी म्हटलं अजून नक्की नाही, तर म्हणाली, मग शिडीचे समज. कुरिअरनं पाठवतोय.

तुझे,
बाबा