बाळंतिणीला लघवीबद्दलही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'बाळंतपणानंतर दीड महिन्यात पूर्ववत' अशा मथळ्याचा लेख आला होता. सोबत सपाट पोटाच्या तरुणीचा फोटो, आणि खाली व्यायामांच्या यादीत चक्क दोरीवरच्या उड्या. मी शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. माझ्या बाळंतपणाला अजून वर्ष झालेलं नाही. त्या उड्यांबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

दीड महिना हा आकडा लेखिकेनं मनानं घातलेला नाही, हे मान्य. पण तो गर्भाशयाचा आकडा आहे, आणि हे लेखात कुठंच नाही. बाळ जन्मल्यावर गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं आणि ते बेंबीजवळ हाताला लागतं. नर्स रोज पोट दाबून बघतात ते याचसाठी. दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरत ते दोनेक आठवड्यांत ओटीपोटाच्या हाडांआड जातं आणि सहा आठवड्यांच्या सुमारास शंभर ग्रॅमच्या आत येतं. वार सुटल्यावर आत तळहाताएवढी जखम राहते, ती भरायलाही एवढाच काळ लागतो. अंगावरून जातं त्याचा रंग आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर पांढरा होत जातो, तो ही जखम भरत आल्यामुळे. बाळाला पाजताना पोटात कळ येते, तीही गर्भाशय आवळलं जात असल्याची. हे मला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रात्री वाटलं, टाकेच उसवले.

तर गर्भाशयाचं काम वेळेवर झालं. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी रक्तस्राव थांबला का, टाके दुखतात का, दूध येतं का, एवढं विचारलं आणि 'सगळं नॉर्मल' म्हणून कागद हातात दिला. रजा संपल्यावर मी शाळेत रुजू झाले. पाचवीचा वर्ग रांगेत उभा, शिट्टी माझ्या तोंडात. जंपिंग जॅक करून दाखवायला मी उडी मारली आणि दुसऱ्याच उडीला लघवी निसटली. थेंबभर नव्हे, चांगली. मी शिट्टी वाजवून मुलांना मैदानाला फेरी मारायला पाठवलं आणि तशीच स्वच्छतागृहात गेले. तेव्हापासून तासाला काळी ट्रॅकपँट. शिक्षककक्षात वयानं मोठ्या असलेल्या एका बाईंना दबक्या आवाजात विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, होतंच तसं. मी तर अजून शिंक आली की पाय आवळून उभी राहते." त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत!

'होतंच तसं' हे अर्धं खरं आहे. बाळंत झालेल्या साधारण तीन बायकांत एकीला कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो. पण त्यावर उपाय आहे, आणि तो ना महागडा ना नवा. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक पट्टा असतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांचा भार त्याच्यावर. बाळ बाहेर येताना या पट्ट्याचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं 2004 साली संगणकावरच्या प्रतिकृतीतून दाखवलं गेलं. सिझेरियन झालेल्याही यातून पूर्ण सुटत नाहीत. नऊ महिन्यांचं ओझं त्यांच्याही स्नायूंनी वाहिलेलं असतं. या स्नायूंचे व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्येच मांडले होते.

मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं आधी तपासलं ते हे, की मी स्नायू वर ओढतेय की खाली जोर देतेय. बऱ्याच जणी नकळत खाली जोर देतात किंवा श्वास कोंडून नुसते नितंब आवळतात, त्यानं फायदा होत नाही. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत अशा बेतानं आतून वर खेचायचं, काही सेकंद धरायचं आणि मग पूर्ण सैल सोडायचं. हे सोडणंही व्यायामच. किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि खोकला-शिंक येतेय असं वाटलं की त्याआधीच आवळून धरायचं. लघवी करता करता मध्येच रोखून सराव मात्र करायचा नाही. माझा त्रास पुष्कळ कमी झालाय. उड्या अजून सुरू केलेल्या नाहीत. त्या सध्या वर्गातली एक मुलगी करून दाखवते, मोठ्या ऐटीत.

माझ्या संघातल्या एखाद्या मुलीच्या मांडीचा स्नायू फाटला, तर मी कॅलेंडर बघून तिला मैदानात उतरवत नाही. आधी चालवून बघते, मग हळू पळवते, दुखलं तर मागे घेते. बाळंतिणीच्या बाबतीतच तारीख का पुरते? ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी 2019 साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत धावायला सुरुवात करू नये असं म्हटलंय, आणि त्यानंतरही लघवी निसटणं, खाली जड वाटणं असं काही असेल तर आधी तपासणी.

केस गळणं, पोटाच्या मधल्या रेषेत पडलेली फट, सिझेरियनच्या व्रणाभोवतीची बधिरता यांनाही महिनेच लागतात. त्यावर सविस्तर कधीतरी छापा. पण लेखात एक चौकट तरी हवीच होती: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, तापाबरोबर घाण वास येणारा स्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं, तीव्र डोकेदुखी आणि अंधुक दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि रक्तदाब तर बाळंतपणानंतर पहिल्यांदाही चढू शकतो. सपाट पोटापेक्षा ही माहिती जास्त निकडीची नाही का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींनुसार प्रसूतीनंतर पहिल्या 24 तासांत, 48 ते 72 तासांत, 7 ते 14 दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात अशा निदान चार वेळा आईची तपासणी व्हायला हवी. पहिल्या दिवसानंतरच्या प्रत्येक भेटीत काय विचारायचं त्या यादीत लघवी निसटण्याचा प्रश्न स्पष्ट लिहिलेला आहे. मला तो एकदाही विचारला गेला नाही. बायका आपण होऊन हे बोलत नाहीत, मीही बोलले नसते. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं.

तेव्हा आपल्या वाचकांतल्या डॉक्टरांना एक विनंती पोचवा. तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवा: खोकताना, हसताना, उडी मारताना लघवी निसटते का? उत्तर 'हो' आलं तर फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्या, व्यायाम करायचं आम्ही बघून घेऊ.

आपली,
एक क्रीडा शिक्षिका