पाडण्याआधी गल्ली मोजून ठेवा

महोदय,

सोलापुरातली जुनी घरे पाडण्याआधी त्यांची मोजणी का हवी, ते एका परदेशी गल्लीच्या गोष्टीवरून सांगतो. जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या नगरसभेने १४६२ मध्ये शहरातल्या ज्यूंना तटालगतच्या एका बोळात राहायची सक्ती केली. तीच युडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली. लांबी सुमारे ३३० मीटर, रुंदी जेमतेम ३-४ मीटर, वेशी तीन. रात्री आणि रविवारी त्या बंद. माणसे वाढली, जागा वाढली नाही. घरे उभी चिरली गेली, मजले चढले, परसातही बांधकामे झाली. लाकडी चौकटींच्या या दाटीला जानेवारी १७११ मध्ये आग लागली आणि जवळपास सगळी गल्ली जळाली. पुन्हा उभी राहिली, तर १७९६ मध्ये फ्रेंच तोफांनी उत्तरेचा भाग पाडला. उरलेली घरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतरवली, गल्लीचे नावही बदलले. रोथशिल्ड घराण्याचे एक घर तेवढे राखले होते, तेही १९४४ च्या बॉम्बफेकीत गेले. युद्धानंतर रस्ते वेगळ्याच रेषेत आखले गेले. १९८७ मध्ये कार्यालयाच्या इमारतीसाठी खणताना घरांचे पाये आणि ज्यूंची विधिस्नानाची कुंडे सापडली. लोकांनी ठाम विरोध केला, म्हणून पाच घरांचे पाये वाचले. तिथे १९९२ पासून संग्रहालय आहे.

टिकले ते जमिनीखालचेच. सोलापूरच्या कसब्यात, शुक्रवार पेठेत माळवदाचे घर उतरवताना नेमका हाच भाग आधी जातो: आड आणि तळघर मलब्यानेच बुजवतात. त्यांची जागा आणि खोली पहिल्याच दिवशी नोंदवायला हवी.

मोजणी अवघड नाही. बोळाची रुंदी दर १० मीटरवर घ्यावी. दर्शनी भागाची मापे एकाच टोकापासून सलग वाचावीत. तुकडे मोजून बेरीज केली की चूक साठत जाते. लांब फीत मधे झोळ खाते आणि माप जास्त दाखवते, म्हणून ती ताणून धरावी. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय नकाशा जुळतच नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी कळते. अरुंद बोळात कॅमेरा वर वळवला की भिंती आत झुकलेल्या दिसतात. समोरच्या माळवदावरून, मोजपट्टी उभी करून टप्प्याटप्प्याने फोटो घ्यावेत. प्रत्येक कागदावर तारीख आणि मिळकत पत्रिकेचा क्रमांक हवाच, नाहीतर वीस वर्षांनी कोणते घर कुठले ते सांगता येणार नाही.

पाडकामाच्या परवानगीसोबत ही नोंद महापालिकेने सक्तीची करावी. एक प्रत नगर भूमापन कार्यालयात आणि एक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी.

– एक वाचक, सोलापूर