आतला टायर

सॅन अँटोनियो, टेक्सास

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर तू सहज विचारलेस की, तुमच्याकडच्या त्या मोठ्या पिकअपला मागे चार टायर असतात, तर एक बसला तरी जोडीदारावर गाडी घरापर्यंत येत असेल ना? मी दुकानाच्या रांगेत उभा होतो, म्हणून "येते की" एवढेच म्हणून विषय बदलला. ते उत्तर चुकीचे होते. तुझे दोन टाटा ४०७ ट्रक रोज आल्याच्या गोण्या भरून पुण्याच्या मार्केट यार्डात जात असताना ते तसेच राहू देणे मला बरे वाटेना, आणि ही गोष्ट फोनवर सांगून होण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इकडे अशा गाडीला 'ड्यूली' म्हणतात. जनरल मोटर्सने १९७३ साली मागे जोडचाके असलेली पिकअप कारखान्यातून तयार करून विकायला आणली, तेव्हापासून शेतकरी, घोडे पाळणारे आणि जड ट्रेलर ओढणारे लोक तिच्यावर विसंबून आहेत. माझी फोर्ड एफ-३५० आहे. पुढे दोन आणि मागे चार अशी सहा चाके, म्हणजे मांडणी तुझ्या ४०७ सारखीच. ट्रेलरची लांब मान हौद्यात, अगदी मागच्या ॲक्सलच्या वर येऊन टेकते, त्यामुळे ट्रेलरच्या वजनाचा मोठा वाटा या चार टायरांवर पडतो.

मागच्या ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांचा लहान ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून मी फोर्ट स्टॉकटनला निघालो होतो. इंटरस्टेट १० हा रस्ता कर्विल, जंक्शन, सोनोरा, ओझोना अशी गावे घेत पश्चिमेकडे जातो, आणि त्या भागात ताशी ८० मैलांची, म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटरची मर्यादा आहे. सोनोराला डिझेल भरले, पण उन्हाला कंटाळून टायर न ठोकताच निघालो. ओझोना मागे पडल्यावर रस्त्यालगतच्या विश्रांतीच्या जागेत पाणी प्यायला थांबलो, तेव्हा उजव्या बाजूने जळक्या रबराचा वास आला. बाहेरच्या टायरजवळ हात नेला तर धग लागत होती, आणि खालच्या बाजूला तो नेहमीपेक्षा अधिक फुगलेला दिसत होता. मी टॉमी, म्हणजे नट खोलायचा लोखंडी दांडा, काढली आणि बाहेरच्या टायरच्या मागून आतल्यावर मारली. 'ठण्ण' न वाजता 'थप्प' वाजले.

तो आवाज ऐकताच मला अण्णा आठवले. पुण्याहून खताची पोती भरून परतताना, खंबाटकीचा घाट चढण्याआधी खंडाळ्याजवळ गाडी थांबवून ते सहाही टायर टॉमीने ठोकत, आणि आपण दोघे चहाच्या टपरीवर बसून त्यांना घाई करत असू. हवा भरलेल्या टायरवरून टॉमी हातात उसळून परत येते आणि बसलेल्या टायरवर ती तिथेच मरते, हे त्यांनी आपल्या हातांत टॉमी देऊन शिकवले होते. एवढे मात्र खरे की, ठोकून फक्त पार बसलेला टायर कळतो. हवेचा दाब ८० पौंडांवरून (दर चौरस इंचाला) ५५ वर आला असेल तर कानाला फरक कळत नाही, त्यासाठी हवा मोजायचे गेजच लागते.

आतला टायर बसतो तेव्हा स्टिअरिंगवर काहीही जाणवत नाही, कारण पुढची चाके शाबूत असतात आणि मागचा बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो. बाहेरून पाहणाऱ्यालाही सारे ठीकच दिसते. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून बनलेल्या हलक्या गाड्यांना हवा कमी झाल्यावर दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची आहे, परंतु एका ॲक्सलवर जोडचाके असलेल्या गाड्या त्या नियमातून वगळलेल्या आहेत. माझ्या गाडीत असा दिवा नाही. जिथे आतला टायर डोळ्यांना दिसतच नाही, नेमकी तीच गाडी वगळली जावी, हे मला आजही पटत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा हिशेब. माझ्या टायरच्या बगलेवर दोन आकडे छापलेले आहेत: ८० पौंड हवेला एकटा असताना १४५० किलो आणि जोडीत असताना १३२० किलो. जोडीतला आकडा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण दोन टायर भार कधीच अगदी निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत. चारही टायर धडधाकट असतील तर ॲक्सलवर ५२८० किलोपर्यंत भार सोसतो. समज, ट्रेलर जोडल्यावर ॲक्सलवर ३८०० किलो आले, म्हणजे प्रत्येक बाजूला १९०० किलो. त्या बाजूचा एक टायर बसला की उरलेल्यावर त्याच्या शक्तीपेक्षा ४५० किलो जास्त पडतात, आणि तेही महामार्गाच्या वेगात आणि टेक्सासच्या उन्हात. शिवाय बसलेल्या टायरची सैल बगल जोडीदाराच्या बगलेला घासत राहते, त्यातून उष्णता वाढते, आणि अशाच उष्णतेने ट्रकचे टायर पेटतात. रिकामी गाडी सावकाश हाकत जवळच्या दुकानापर्यंत नेता येईल, पण भरलेली गाडी नेता येत नाही, हे तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

विश्रांतीच्या जागेत सपाट, पक्की जमीन मिळाली, हे माझे नशीब. महामार्गाच्या कडेला, ८० मैलांनी धावणाऱ्या ट्रकांच्या वाऱ्यात मी ते काम केले नसते. त्यापेक्षा टायरच्या चिंध्या करत पुढच्या फाट्यापर्यंत हळूहळू गेलो असतो. आधी ट्रेलरचा पाय जमिनीला टेकवून हौद्यावरचे वजन उचलून घेतले, मग पुढच्या दोन्ही चाकांना आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावल्या. या पाचरींचे कारण अनेकांना ठाऊक नसते. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मध्ये टाकली म्हणजे ती बांधली गेली असे वाटते. पण पार्कचा अडसर गिअरबॉक्सचा शाफ्ट धरतो, चाके धरत नाही. मागची एक बाजू उचलली की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलटे फिरून गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून हँडब्रेक आणि पाचरी दोन्ही लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. जॅकखाली जाड फळी ठेवली, कारण त्या उन्हात डांबर मऊ पडते आणि जॅकचा पाया रुततो. जॅक ॲक्सलखाली, स्प्रिंगच्या शेजारी लावला, आणि बसलेला टायर निघण्यापुरता न उचलता भरलेला टायर बसेल एवढा उंच उचलला. जॅक सुटलाच तर गाडी जमिनीवर आदळू नये म्हणून स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली होती. स्टेपनीची जागा मोकळी करायची वेळ आली, तेव्हा बाहेरचे काढलेले चाक तिथे सरकवले.

स्टेपनी या शब्दावरून आठवले. इकडे हा शब्द कोणालाही कळत नाही. तो वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला; तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक तयार करून विकायला सुरुवात केली, आणि त्या गल्लीचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजमध्ये आजवर टिकून राहिले. माझी स्टेपनी हौद्याखाली तारेच्या दोरावर टांगलेली असते आणि बंपरच्या भोकातून लांब सळई घालून ती खाली सोडावी लागते. दर हिवाळ्यात ती एकदा उतरवून यंत्राला ग्रीस लावण्याची सवय होती, म्हणून त्या दिवशी ती विनातक्रार उतरली. हवा मात्र ५० पौंडांवर आली होती. जवळच्या लहान कंप्रेसरने ती भरायला बराच वेळ गेला.

माझ्या गाडीच्या जोडीला फक्त आठ नट आहेत, आणि तेच आठ नट दोन्ही चाके एकत्र धरतात. जुन्या जड ट्रकांना आतल्या चाकाचे नट वेगळे आणि बाहेरच्याचे वेगळे असत, आणि डाव्या बाजूचे आटे उलटे असत. इथे तसे नसल्याने बाहेरचे चाक काढले की आतलेही मोकळे होते. म्हणून बाहेरचा टायर बसला असता तर आतला फळीवर चढवून काम उरकणे, ही युक्ती इथे करू नये; नट काढल्यावर भार सोसणारे आतले चाकही कशाने बांधलेले राहत नाही. गंजाने आतली डिस्क, म्हणजे चाकाची मधली लोखंडी तबकडी, ॲक्सलच्या टोकावरच्या हबला चिकटली होती. तिला मागून हातोड्याने ठोकण्याआधी दोन नट चार-चार आट्यांवर परत चढवले, नाहीतर सुटल्याबरोबर सुमारे ३५ किलोचे ते चाक अंगावर आले असते.

आतल्या टायरची हवा खिळ्याने गेली नव्हती. व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून मी आदल्या वर्षी त्याला एक रबरी नळी जोडली होती, आणि त्या नळीच्या जोडातून हवा थोडी थोडी निघून गेली. सोय म्हणून लावलेल्या त्या जोडानेच टायर घालवला. तिथेच हवा भरून पुढे जाण्याचा मोह झाला, पण बसलेल्या अवस्थेत मैलोगणती धावलेला टायर आतून कुजल्यासारखा होतो आणि हवा भरताना फुटू शकतो, म्हणून तो मोह आवरला.

चाके बसवण्याआधी हब आणि दोन्ही डिस्कांचे एकमेकींना टेकणारे भाग तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केले. तिथे गंजाचा किंवा रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. आतल्या डिस्कचा फुगीर भाग बाहेर आणि बाहेरच्या डिस्कचा आत, आणि बाहेरच्या डिस्कची खिडकी बरोबर आतल्या व्हॉल्व्हसमोर, असे पाहूनच चाके चढवली. नटाला स्वतःभोवती फिरणारी चकती असते. चकती आणि नट यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब सोडला, आट्यांना मात्र तेल लावले नाही. मग समोरासमोरचे नट या क्रमाने, १६५ फूट-पौंडांवर लावलेल्या टॉर्क पान्ह्याने सगळे आवळले. हा आकडा अवघड वाटू देऊ नकोस: दोन फुटी दांड्याच्या टोकाला साधारण ३७ किलोचा जोर दिला की तेवढे होते. आपल्याकडे टॉमीवर उभे राहून नट आवळतात. सत्तर किलोचा माणूस त्याच दांड्यावर उभा राहिला तर जवळजवळ दुप्पट जोर पडतो, नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आणि पुढे कधीतरी भर घाटात तो तुटतो. तुझ्या गाड्यांचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून पाहून घे आणि तोच वापर.

फोर्डची पुस्तिका चाक काढल्यानंतर १०० मैलांच्या आत नट पुन्हा आवळायला सांगते. फोर्ट स्टॉकटनला पोहोचल्यावर मी पान्हा लावला, तेव्हा आठपैकी दोन नट किंचित फिरले. बाकी काम मी नीट केले होते असे मला वाटत होते, तरी ते दोन फिरलेच. तिथल्या टायरवाल्याने बसलेला टायर उतरवला, तर त्याच्या आतून रबराचा भुगा निघाला; जादा भार सोसलेला जोडीदारही त्याने आतून तपासला आणि बाद ठरवला. स्टेपनीचा नवा टायर जुन्या जोडीदारापेक्षा उंच ठरत होता, आणि जोडीतल्या दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक असला तर उंच टायरच जास्त भार घेतो, म्हणून मी त्या बाजूला दोन्ही टायर एकाच मापाचे नवे घातले. खर्च झाला, पण परतीच्या वाटेवर दर थांब्याला टायर ठोकताना मन स्वस्थ होते.

माझी भाची दिवाळीत साताऱ्याला येत आहे. तिच्याबरोबर जोडचाकांसाठीचे एक गेज पाठवतो. त्याच्या टोकाला एकमेकांच्या उलट तोंडांचे दोन पाय असतात, म्हणजे एका पायाने बाहेरच्या टायरची आणि दुसऱ्याने, बाहेरच्या डिस्कच्या खिडकीतून हात घालून, आतल्या टायरची हवा मोजता येते. तुझ्या ४०७ च्या आतल्या व्हॉल्व्हला रबरी नळी लावलेली आहे का, ते पाहून मला कळव. असेल तर ती काढून टाक. थोरल्यालाही सांग की, गाडी काढण्याआधी सहाही टायर ठोकून पाहायचे आणि आठवड्यातून एकदा गेजने हवा मोजायची. अण्णांची ती जुनी टॉमी अजून गाडीत असेल तर तीच त्याच्या हातात दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर सवडीने लिही, पण व्हॉल्व्हबद्दल फोनवर लगेच सांग.

तुझाच,
जुना सोबती