समोरून उघडणारी ब्रा आणि मापाचा संकोच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका घरगुती विषयावर हे पत्र लिहीत आहे. बायका आपसांतसुद्धा त्याबद्दल दबक्या आवाजात बोलतात, म्हणून ते छापून यावे अशी मनापासून इच्छा आहे.

माझ्या आईचे वय 61 आहे आणि मधुमेह जुना आहे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. तिचाही उजवा खांदा आखडला आणि हात पाठीमागे जाईनासा झाला. काही दिवस ती ब्राचे हूक पोटावर लावून मग ती गोल फिरवून घ्यायची, प्रत्येक वेळी कळ सोसत. शेवटी तिने ब्रा घालणेच सोडले आणि त्यापाठोपाठ भजनाला जाणेही बंद केले. कारण विचारले तर ‘कंटाळा येतो’ एवढेच म्हणायची.

समोरून उघडणारी ब्रा मिळते हे कळल्यावर मी दुकानात गेले. काउंटरपलीकडून ‘साइज?’ असा प्रश्न आला, मी वर्षानुवर्षांच्या सवयीने ‘छत्तीस बी’ सांगितले आणि खोका हातात पडला. घरी आईने ती घातली, तर दोन हुकांच्या मधे फटी पडत होत्या आणि पाठीवरचा पट्टा वर सरकून खांद्याच्या हाडांपर्यंत येत होता. अंतर्वस्त्रे परत घेत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मग विकण्यापूर्वी माप घेण्याची सोय तरी हवी.

तेव्हा मी शिवणकामाची टेप घेतली. छातीखाली, श्वास सोडून, टेप अंगालगत धरून 34 इंच भरले; स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून 38. पहिले माप म्हणजे पट्ट्याचा आकडा आणि या दोन मापांतला फरक म्हणजे कपाचे अक्षर: एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणजे आईचे माप 34 डी होते आणि ती आयुष्यभर पट्टा सैल, कप लहान अशी ब्रा वापरत होती. ‘डी’ ऐकून ती लाजली. वास्तविक डी म्हणजे अवाढव्य नव्हे. 34 डी, 36 सी आणि 38 बी यांचे कप साधारण सारखेच असतात. काही कंपन्या मात्र छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा ठरवतात आणि साध्या सुती ब्रांवर पुष्कळदा कपाचे अक्षरच नसते, त्यामुळे खोक्यावरच्या तक्त्यातील मोजण्याची पद्धत वाचल्याशिवाय आकड्यावर विसंबू नये.

पुढे उघडणाऱ्या ब्रामध्ये अचूक मापाला जास्त महत्त्व आहे. मागे हूक असले तर ते अडकवायच्या कड्यांच्या दोन-तीन रांगा असतात, त्यामुळे इलॅस्टिक सैलावले की आतल्या रांगेत हूक अडकवता येतो. पुढच्या बाजूला बहुधा एकच रांग असते. म्हणून नवी असतानाच ती नीट घट्ट बसावी, पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत आणि हात वर केल्यावर पट्टा जागचा हलू नये. हूक लावल्यावर थोडे पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घ्यावा लागतो, ही गोष्ट आम्हा मायलेकींना कुणी कधी सांगितली नव्हती. भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील तर खालचा पट्टा सैल आहे असे समजावे.

आमच्या आजीच्या खणाच्या चोळीला पुढेच गाठ असे. शिंप्याकडे ‘मापाची चोळी’ जाई आणि अंग वाढले-घटले की गाठ सैल किंवा घट्ट बांधली जाई. बाळाला पाजताना तीच गाठ सोपी पडे. पुढून उघडणे आपल्याकडे मुळीच नवे नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात उचलता न येणाऱ्या स्त्रिया आणि बाळंतिणी यांनाही अशी ब्रा लागते. बाळंतिणीने तर घट्ट ब्रा टाळायलाच हवी, कारण त्या दाबाने दूध साकळून गाठी होऊ शकतात. तेव्हा दुकानदारांनी एक टेप, एक पडदा आणि माप घेणारी एक स्त्री कर्मचारी एवढी व्यवस्था करावी, आणि खांद्याचे व्यायाम शिकवणाऱ्यांनी व शस्त्रक्रियेनंतर घरी सोडणाऱ्या रुग्णालयांनी सूचनांच्या कागदावर या ब्राचा व मापाचा उल्लेख करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली